योग्य ती कार्यवाही

फोन वाजला तेव्हा ललिताचे दोन्ही हात तेलाचे होते. साडेतीन महिन्यांचा स्वराज तिच्या लांब पसरलेल्या पायांवर पालथा होता आणि शेजारी पाटावर ठेवलेला मोबाईल थरथरत थरथरत पाटाच्या कडेकडे सरकत चालला होता. अकरा दिवस ती ह्याच आवाजाची वाट बघत होती. भाजी निवडताना, बाळाला पाजताना, दुपारी डोळा लागता लागता. आणि आता तो आला तर घ्यावासा वाटेना. पडद्यावर कंपनीचा नंबर होता. बोरस्ते साहेब असतील. "ललिता, हे काय लिहिलंयस?" असं म्हणतील. मग आपण काय म्हणायचं ते तिने इतक्यांदा ठरवलं होतं की ती वाक्यं आता तिची तिलाच पाठ केल्यासारखी वाटत होती. मोबाईल खाली पडायच्या आत तिने तो तेलकट बोटांनी उचलला.

"ताई, वळखलं का? पुंजा बोलून ऱ्हायलोय, गेज स्टोअरमधून."

"बोला ना पुंजाभाऊ."

"बाळ कसं हे? दूध पितं का बरूबर? नाव काय ठुलं?"

"स्वराज."

"आरे वा, म्हंजी राजाच आला की. बरं, कवा येताय मंग? साहेब इचारून ऱ्हायले. पुढल्या सोमवारी ऑडिटवाले यायचेत, लय पळापळ चाललीय. म्या म्हणलं, बाळंतीण बाई हे, येईल चार दिस इकडंतिकडं. तं म्हणले, फोन लाव."

स्वराजच्या पाठीवरचा तिचा हात थांबला. "पुंजाभाऊ, साहेबांना... माझ्याबद्दल काही कळलं नाही का?"

"काय कळायचं? पेढे तं तुमच्या मालकांनी जानेवारीतच आणून दिले. मलाच दोन आले, म्या काय लपवत नाय."

"उद्या येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पाठीवरचा हात थांबल्याचं स्वराजला कळलं आणि तो कुरकुरू लागला, तेव्हा तिने पुन्हा चोळायला सुरुवात केली, मानेपासून कमरेपर्यंत, कमरेपासून मानेपर्यंत. अकरा दिवसांपूर्वी तिने नोकरी सोडली होती. अकरा दिवस ती नोकरी सोडलेली बाई म्हणून उठत होती, जेवत होती, गॅलरीत दुपटी वाळत घालत होती. सहा वर्षांच्या नोकरीला तिकडून एका ओळीचंही उत्तर आलं नाही, म्हणजे आपण तिथे काय होतो ते आता समजलं, असं तिने मनाशी घोकलं होतं, त्यावर दोनदा रडून घेतलं होतं आणि हळूहळू त्या दुःखाला घरात जागाही करून दिली होती. आणि आता कळत होतं की तसं काही घडलेलंच नव्हतं. तिकडे तिची फक्त रजा चालू होती.

मेल पाठवला तो दिवस शुक्रवार होता. रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. कायद्याचे बारा आठवडे आणि सहा वर्षांत न घेतलेल्या, साठवून ठेवलेल्या रजा, सगळं मिळून जेवढं होत होतं तेवढं झालं होतं. बाळंतपणाला ती येवल्याला आईकडे गेली होती. तिथे दीड महिना सकाळ-संध्याकाळ शेक, धुरी, डिंकाचे लाडू, आणि आई वत्सलाबाई हातमागावर बसल्या बसल्या विचारायची, "झोपला का गं?" मागाचा खटका आणि बाळाचा श्वास ह्यांची तिच्या कानात इतकी सरमिसळ झाली होती की इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये परत आल्यावर पहिले काही दिवस तिला झोपच लागेना. इथे फार शांत होतं. गोरक्ष, तिचा नवरा, मोठमोठ्या कंप्रेसरांची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत होता. सोमवारी पहाटे धुळे, तिथून जळगाव, नंदुरबार. शनिवारी रात्री घरी. वाईट माणूस नव्हता तो. बाळाचे लंगोटसुद्धा धुवायचा. पण नोकरीचं विचारलं की तो पंख्याकडे बघत म्हणायचा, "तुला योग्य वाटेल ते कर. माझी काही जबरदस्ती नाही." सासूबाई मखमलाबादला मळ्यात. त्यांचं म्हणणं, पोर इकडं आणून टाक, गुलाबाच्या तोडीला चार बाया असतात, कोणीही सांभाळील. आणि नाहीतर सोड नोकरी, तुला काय कमी आहे. "बघ बाई, तुझं तू ठरव." सगळे इतके चांगले होते. कोणीच तिला अडवत नव्हतं, आणि धरूनही ठेवत नव्हतं. कधी कधी तिला वाटायचं, गोरक्षने एकदा तरी ताट आपटून म्हणावं, नाही जायचं, किंवा म्हणावं, गेलंच पाहिजे. म्हणजे मग तिला भांडता तरी आलं असतं.

त्या शुक्रवारी तिने स्वराजला खालच्या मजल्यावरच्या झुंबरमावशींकडे दिलं. मावशी रोज पहाटे भाजी घेऊन बाजारात जायच्या आणि दहाच्या आत परत यायच्या. त्यांच्या अंगाला कायम मेथीचा वास. "अर्ध्या तासात येते," ललिता म्हणाली. "तासानी ये," मावशी म्हणाल्या, "त्याला काय घड्याळ कळतं? तुलाच कळतं, म्हणून तुझा जीव असा टांगणीला." कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत पाच लाकडी खोकी, प्रत्येकावर गुलाबी पडदा. अकरा वाजता लोडशेडिंग होणार होतं, म्हणून मालक सगळ्यांना घाई करत होता. कळफलकाच्या बटणांवर अक्षरं उरली नव्हती, पण तिला ती लागत नव्हती. ऑफिसचं इंग्रजी तिला पाठ होतं. इतरांचे राजीनामे तिनेच तर छापले होते. काही वैयक्तिक कारणास्तव, दिलेल्या संधीबद्दल आभारी, पदमुक्त करावे ही विनंती. चार ओळींत सहा वर्षं बसली. ती वाचून तिला वाटलं, हे कोणीही लिहिलं असतं. म्हणून खाली तिने रोमन अक्षरांत मराठी वाक्य लिहिलं : साहेब, खोलीचं तापमान बघायला कोणाला तरी सांगा, नाहीतर सगळं वाया जाईल. आणि दिवे जायच्या आत बटण दाबलं. परत येताना रस्ता रोजचाच होता, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज रोजचाच होता, पण तिला पाय जमिनीला नीट टेकत नसल्यासारखं वाटत होतं. मावशींच्या दारात पोचली तर स्वराज झोपलेला. त्याला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती.

त्यानंतर दर दोन दिवसांनी ती कॅफेत जाऊन उत्तर बघायची. नसायचं. मग मोबाईलची रेंज बघायची, गॅलरीच्या टोकाला उभं राहून. एकदा मावशी म्हणाल्या, "अगं, तू त्या फोनकडं अशी बघती, जसं काय आता त्योच रडणारे."

खोली. सगळं त्या खोलीत होतं. अंबडच्या त्या कारखान्यात शंभर यंत्रं एकाच वेळी धातू कापत असायची. तेलाचा धूर, कानात बसणारी किरकिर, उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून काढणारी हवा. आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी दुहेरी दाराची एक लहान खोली, जिथे बाराही महिने वीस अंश तापमान असायचं. तिला स्टँडर्ड रूम म्हणत. कारखान्यातली मोजायची हत्यारं, ज्यांना गेज म्हणतात, ती खरी आहेत की खोटी हे तपासायचं ते ठिकाण. कामगार ज्या गेजने भाग मोजतो ते गेज ललिता मोजायची. आणि ती ज्याने मोजायची ते होते पोलादाचे लहान लहान चौकोनी ठोकळे, आरशासारखे घासलेले. दोन ठोकळे एकमेकांवर ठेवून हलकेच सरकवले की ते चिकटायचे. गोंद नाही, चुंबक नाही, नुसती पृष्ठभागाची सपाटी. पहिल्यांदा तिने ते केलं तेव्हा ते सोडवून पुन्हा पुन्हा चिकटवून बघितले होते. नवीन कोणी शिकायला आलं की ती आधी तेच करून दाखवायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. मग सांगायची, की बाहेरून आलेलं गेज लगेच मोजायचं नाही. ते गरम असतं. एक दिवस त्याला इथे ठेवायचं, खोलीत मुरू द्यायचं, खोली जेवढी थंड तेवढं त्याला होऊ द्यायचं, मगच हात लावायचा. तोही पांढरा सुती हातमोजा घालून. कारण हाताच्या उबेनेसुद्धा लोखंड वाढतं. केसाच्या शंभराव्या भागाइतकं वाढतं, पण वाढतं. पोरं हसायची. "मॅडम, मग आम्ही पण एक दिवस मुरायला बसू का इथे? बाहेर लय गरम होतंय." ती पण हसायची. ती स्वतः त्या खोलीत मुरली होती. येवल्याहून येताना तिच्या अंगात कायकाय होतं, मोठ्या कुटुंबातला कालवा, धाकटेपणाची भीती, बापासमोर न बोलायची सवय. सहा वर्षांत ते सगळं थंड होत होत एका मापावर आलं होतं. तिचं माप काय ते तिला त्या खोलीत माहीत होतं. घरी आल्यावर, स्वराजला छातीशी घेतल्यावर, ती पुन्हा सगळ्या बाजूंनी वाढत होती, पसरत होती, दुधासारखी, आणि कुठे थांबायचं तेच कळत नव्हतं.

तेल लावून झालं, आंघोळ झाली. दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या स्वराजला मांडीवर घेऊन ती थोपटत होती, आणि तेव्हा तिला ते कळलं. थोपटणारा हात हवेत राहिला. मेल कुठे गेला ते तिला कळलं.

झालं होतं ते असं. चार-पाच वर्षांपूर्वी क्वालिटी खात्याला पहिला कॉम्प्युटर आला. तो ठेवायचा कुठे? धूळ नसलेली, एसी असलेली जागा एकच. तेव्हा तो स्टँडर्ड रूममध्ये आला, ललिताच्या टेबलाच्या शेजारी. खात्याला मेलचा एक पत्ता मिळाला, साहेबांच्या नावाचा नव्हे, खात्याच्या नावाचा. बोरस्ते साहेबांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही. "आम्ही कागदावरची माणसं," ते म्हणायचे. मग रोज सकाळी ललिता मेल उघडायची, छापायची, भोकं पाडून निळ्या फाइलीत लावायची आणि पुंजाभाऊंच्या हाती साहेबांच्या टेबलावर पाठवायची. मुंबईहून, पुण्याहून, कुठूनही, साहेबांना मेल म्हणजे त्या पत्त्यावर मेल. व्हिजिटिंग कार्डावर तोच, लेटरहेडवर तोच. कॅफेत बसून तिने साहेबांना मेल केला तो त्याच पत्त्यावर. दुसरा पत्ता तिला माहीतच नव्हता, कारण दुसरा नव्हताच. इतक्या वर्षांत त्या पत्त्यावर आलेलं सगळं तिने वाचलं होतं. त्या पत्त्यावर स्वतः पाठवलं मात्र कधी काही नव्हतं. रजेवर जाताना तिने पासवर्ड एका पाकिटात घालून पुंजाभाऊंकडे दिला होता. "माझ्या जागी जो येईल त्याला द्या." म्हणजे तिच्या जागी कोणी आलंच नव्हतं. राजीनामा तिच्या स्वतःच्या टेबलावर जाऊन पडला होता आणि तिचीच वाट बघत होता.

तिला हसू आलं. मोठ्याने हसली ती, रिकाम्या घरात, आणि स्वराजने दचकून दोन्ही हात पसरले. मग हसू विरलं आणि एक वेगळीच थंडगार गोष्ट मनात उतरली. तो अजून कोणी वाचलेला नाही. उद्या जाऊन एक बटण दाबलं तर तो नव्हताच. अकरा दिवस नव्हतेच. सोमवारपासून ती कामावर. पोर मखमलाबादला, दिवसभर, गुलाबाच्या तोडीतल्या बायांकडे, बाटलीच्या दुधावर, आणि ती शहराच्या ह्या टोकाला वीस अंशांत. नाहीतर तो छापायचा आणि साहेबांसमोर ठेवायचा. ते वाचतील. वाचून काहीतरी म्हणतील. तिला नेमकं तेच हवं होतं. नको जाऊस म्हणाले तर कदाचित ती राहिलीही असती. जा म्हणाले असते तर गेली असती. फक्त कोणीतरी ते वाचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मावशी बुधवारच्या आठवडी बाजारात, दिवसभर. म्हणून तिने स्वराजला कुंचीत गुंडाळलं, खांद्याला पिशवी अडकवली आणि रिक्षा केली. पाथर्डी फाट्यापुढे कारखान्यांची धुरकट रांग सुरू झाली तसं तिला माहेरच्या गावाची वेस दिसल्यासारखं वाटलं. गेटवरचा वॉचमन नवीन होता. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं, मग बाळाकडे बघून मागे ओढलं. "लहान मुलं आत चालत नाही मॅडम. सेफ्टी." ती ओळखपत्र दाखवत होती तेवढ्यात पुंजाभाऊ आलेच. टोपी काढून काखेत मारली आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या इकडं. म्या पाच नातवंडं नाचवलीत, तुमचा राजा काय मोठा लागून गेला. हितं गेटच्या केबिनमधी बसतो घिऊन. ही चावी घ्या. रडला तं आवाज यील, लय नाय दूर." त्यांच्या निळ्या शर्टावर तेलाचे डाग होते. स्वराजने त्यांची मिशी बघितली आणि रडायचं की नाही ह्या विचारात पडला.

खोलीचं दुसरं दार उघडलं तेव्हा अंगावर आली ती उष्ण, कोंदट हवा. एसी बंद होता. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा चौतीसवर. पाच महिने इथे कोणी पाऊल टाकलं नव्हतं. टेबलावर धुळीचा पातळ थर, आणि दाराच्या आतल्या बाजूला तिने लावलेला, नोव्हेंबरवर थांबलेला तापमानाचा तक्ता. तिने एसी लावला. मग पेटी उघडली. ठोकळे ओळीत होते, व्हॅसलीन लावलेले, जसे ठेवले तसे. फक्त पंचवीस मिलिमीटरच्या ठोकळ्यावर तांबूस काहीतरी दिसलं. तिने तो उजेडात धरला. गंज होता. गोल, बारीक बारीक रेषांचा. बोटाचा ठसा. कोणी उघड्या हाताने धरला, असा राग तिच्या डोक्यात चढतो न चढतो तोच तिला आठवलं. शेवटच्या आठवड्यात तिची बोटं इतकी सुजली होती की हातमोजे चढेनात. तेव्हा दार लावून, कोणाला न सांगता, तिने उघड्या हातांनी काम केलं होतं. तिने अंगठा त्या ठशावर धरला. आता बोट बारीक झालं होतं. ठसा मोठा होता. सहा वर्षांत ह्या खोलीत तिने एक गोष्ट चुकीची केली होती आणि तेवढीच मागे राहिली होती. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती तो ठोकळा हातात घेऊन, उघड्याच हातात, बराच वेळ उभी राहिली.

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला. न वाचलेले मेल ठळक अक्षरांत होते, पानभर, पानामागून पान. जुने ग्राहक, जाहिराती, कोणाच्या तरी बदलीची बातमी. त्यात एका ओळीत तिचं नाव. पाठवणाऱ्याच्या जागी ललिता बोराडे बघून तिला क्षणभर वाटलं, ही कोण बाई? तिने तो उघडला. नेहमीप्रमाणे, सकाळी उघडायची तसा. चार ओळी सरळ इंग्रजीत, शेवटची रोमन अक्षरांतल्या मराठीत, वेडीवाकडी. दुसऱ्या कोणा बाईचा असता तर तिने छापता छापता मनात म्हटलं असतं, बिचारी. खोडून टाकायचं बटण वरच होतं. तिचं बोट माउसवर होतं. गेटकडून रडण्याचा आवाज आल्यासारखं वाटलं, आणि छाती भरून आली, ब्लाउज ओलसर झाला. कान दिला तर आवाज नव्हता, यंत्रांची किरकिर तेवढी होती. तिने छापायचं बटण दाबलं. एकट्या त्याचं नाही, सगळ्याच महत्त्वाच्या मेलचं. प्रिंटर कुरकुरत कागद ओढू लागला. तिने भोकं पाडली, तारखेप्रमाणे लावले, नवे वर; त्यानंतर महत्त्वाचं काही आलं नव्हतं, म्हणून आपला जिथे यायचा तिथेच आला, सर्वांत वर. निळी फाइल काखेत धरून ती स्वतःच साहेबांच्या केबिनकडे गेली.

"ये ये ये!" बोरस्ते साहेब फोनवर होते. बोटाने खुर्ची दाखवली, बोटानेच फाइल मागितली. केस आणखी पांढरे झाले होते. "अहो मग रिजेक्शन आलं तर आम्ही काय करायचं? नाही नाही, ऐका माझं..." फोन मानेत धरून त्यांनी लाल पेन काढलं. साहेबांची एक रीत होती. फाइलीत आलेल्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ते ज्याने काम करायचं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचे, पुढे काय करायचं ते, आणि खाली सही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टेबलावर कागद झोपता कामा नये. पेन पहिल्या कागदावर टेकलं. तिच्या कागदावर. त्यांची नजर वरच्या ओळीवरून सरकली, तिथे खात्याचं नाव होतं, मग कोपऱ्यात गेली. "चौदा तारखेला म्हणालात तुम्ही, चौदा!" ते फोनमध्ये ओरडले आणि पेन चाललं. पुढचा कागद. त्याच्या पुढचा. दोन मिनिटांत फाइल संपली. फोन ठेवून त्यांनी ती तिच्याकडे सरकवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून हसले. "तू नव्हतीस तर कागद कमी होते बघ. बरं होतं! बाळ बरंय? आता सोमवारचं ऑडिट तू बघ सगळं. मला काही विचारू नको. तुला माहितीच आहे." पुन्हा फोन वाजला. त्यांनी तो उचलला.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिने फाइल उघडली. तिच्या राजीनाम्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत लिहिलं होतं, "ल. — योग्य ती कार्यवाही करावी." खाली लपेटदार सही.

ती भिंतीला टेकली. समोरून दोन कामगार ट्रॉली ढकलत गेले, एकाने मान लववली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. उलट आतून काहीतरी हळूहळू एका मापावर येत होतं. गोरक्ष पंख्याकडे बघत म्हणाला होता, सासूबाई गुलाबाच्या वाफ्यात वाकून म्हणाल्या होत्या, आणि आता हे लाल शाईत. कोणी वाचणार नव्हतं. वाचून सांगणार नव्हतं. साहेबांना उठवून, फोन ठेवायला लावून, हा कागद वाचा म्हणता आलं असतं. त्यांनी तो वाचला असता. चुकचुकले असते. ऑडिटपर्यंत तरी थांब म्हणाले असते. आणि तेवढ्यावर ती थांबली असती, हे तिला माहीत होतं, आणि मग जन्मभर कोणाच्या तरी तेवढ्यावर. तिने निळ्या फाइलीतून तो एक कागद काढला. फाइल पुंजाभाऊंच्या खिडकीत ठेवली आणि जिना चढून पर्सोनेल खात्यात गेली.

तिथे नवी मुलगी होती. बावीस-तेवीसची, ड्रेसवर रूपाली असा बिल्ला, टेबलावर हजेरीकार्डांचा ढीग. मान खाली घालून ती शिक्के मारत होती.

"हं, काय आहे?"

"राजीनामा आहे."

मुलीने न बघता हात पुढे केला, कागद घेतला, लाल शेरा वाचला. "बोरस्ते साहेबांची सही आहे ना? मग ठीके." तिने शिक्का उचलला आणि थांबली. "अहो, पण ह्याच्यावर सही कुठेय ह्या बाईंची? नुसत्या मेलवर नाही चालत. त्यांना एकदा बोलावून घ्या ना, समक्ष. सही लागते."

टेबलावर दोरीने बांधलेलं पेन होतं. ललिताने कागद स्वतःकडे वळवला. दोरी जरा तोकडी होती, तिला वाकावं लागलं. तिने चार ओळींच्या खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली. अकरा दिवसांपूर्वीची नाही, आजची.

तेव्हा मुलीने मान वर केली. आधी सहीकडे बघितलं, मग तिच्याकडे, तिच्या ओल्या ब्लाउजकडे, पदर पुढे ओढणाऱ्या हाताकडे. कागद परत उचलून तिने तो वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, सावकाश. शेवटच्या वाकड्या ओळीपाशी ती अडखळली, आणि पुन्हा मागे जाऊन तिने ती वाचली.

"कसली खोली हो मॅडम?" तिने विचारलं.

शिफ्टची जेवणाची घंटा झाली. खाली यंत्रं एकेक करून थांबू लागली, आणि त्या उघड्या पडत चाललेल्या शांततेत गेटकडून एका बाळाचं रडणं आता अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

"सांगते," ललिता म्हणाली. "पण उभ्या उभ्याच सांगते हं."